नवं कार्ड, जुना प्रोसेसर आणि एक गुरुवार

कुठलंही यंत्र समोर आलं की तो आधी उजवा हात शर्टाला पुसायचा आणि तळवा डब्यावर टेकवून उभा राहायचा. लेकराचा ताप बघावा तसा. एक मिनिट, दोन मिनिटं. स्क्रू काढणं नाही, बटण दाबणं नाही. गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं की टेबलावरच्या तांब्याकडे बोट करायचा.

"पाणी प्या तोवर."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नीट बघा त्याच्याकडे. मी बघितलं नाही. संत तुकाराम नगरात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीचा गडी, राजगुरुनगरकडच्या एका गावातला. आधी चाकणला कंपनीत लाईनवर होता. त्याचं पाणी मी कधी प्यायले नाही. घरी येऊन मात्र नातीला सांगायचे, "तुझा तो गोगलगाय डब्याला आशीर्वाद देत उभा होता आज."

माझी नात तेजू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायचा एक बंदुकांचा गेम ती खेळते. एका चांगल्या संघात तिची निवड व्हायची होती. पहिल्या चाचणीत नेमकी गर्दी जमली की तिचं चित्र अडकायचं आणि पुढच्या क्षणी ही मेलेली. त्यांचा कॅप्टन म्हणाला, "गुरुवारी तीन वाजता एकच चान्स. मशीन नीट करून ये." इकडे माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, जेवताना म्हणाला, "हे शेवटचं. नाही झालं तर तो डबा विकायचा आणि अभ्यासाला लागायचं." पोरगी पानावरून उठली.

मी दुसऱ्या दिवशी गोगलगायीकडे गेले. "सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड कोणतं? चित्र काढायचं काम तेच करतं ना?"

"करतंय की. पण डबा आणा मावशी. आधी अडकतंय कुठं ते बघू."

"अहो, चित्रच अडकतंय ना? मग कार्डच!"

"आसंल. न्हाई बी आसंल. पाणी प्या."

मी रिक्षा करून वाकडला गेले आणि मोठ्या दुकानातून झगझगीत कार्ड घेऊन आले. बुधवारी तेजूच्या मैत्रिणीनं ते बसवलं. त्यातले दिवे लागले, पंखे फिरले, मी स्वतःची पाठ थोपटली. तेजूनं गेम लावला. गर्दी जमली. चित्र अडकलं.

तिनं हेडफोन काढून ठेवला, एवढंच.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आत मी शटरपाशी उभी होते. "म्हणालो होतो ना" हे ऐकायची तयारी करून गेले होते. त्यानं फक्त विचारलं, "किती वाजता हाय पोरीचं?"

घरी आला, डब्यावर हात ठेवला. साडेअकरा वाजले होते. त्यानं तेजूला गेम लावायला सांगितला आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे आणले. एक प्रोसेसर किती राबतोय त्याचा, दुसरा कार्ड किती राबतंय त्याचा.

"आता चित्र पार साधं कर. सावल्या बंद, पानंफुलं बंद. कार्डाचं काम निम्मं कर."

तिनं केलं. चित्र भिकार दिसायला लागलं, पण गेमचा वेग होता तेवढाच राहिला.

"बघा मावशी. काम निम्मं केलं तरी वेग वाढला न्हाई. म्हंजे कार्ड अडवत न्हाई. कार्ड बसून हाय. गर्दी झाली की कोण कुठं पळतंय, कुणाला गोळी लागली, हा हिशोब प्रोसेसरनं करायचा, मग कार्डानं चित्र काढायचं. हा प्रोसेसर चार वर्षांपूर्वीचा, तेव्हाच साधा होता. मागच्या टेबलावरून मालच येईना, तर पुढचा माणूस काय करणार?"

मला एकदम गरम व्हायला लागलं.

कारण बावीस वर्षांची असताना मी पिंपरीत एका कारखान्यात स्विच जोडायच्या लाईनवर होते. शेवटच्या टेबलावर. हात असा चालायचा की फोरमन पाहुण्यांना मला दाखवायला आणायचा. आणि मी, वेणीत अबोली माळलेली ती दीडशहाणी, रिकामी झाले की टेबलावर चिमटा आपटायचे. "माल पाठवा गं! झोपलात का?" माझ्या मागच्या टेबलावर कमळाबाई तारांना कथलाचे डाग द्यायच्या. बारीक काम, डोळे अधू झालेले. मी त्यांची तक्रार केली. फोरमननं त्यांना हलवायच्या ऐवजी माझ्याशेजारी आणखी एक चपळ पोरगी बसवली. मग आम्ही दोघी मिळून चिमटे आपटत बसलो. एके दिवशी कमळाबाई आल्या नाहीत आणि डाग द्यायला मला बसवलं. दुपारच्या सुट्टीच्या आत अख्खी लाईन बंद. तीच बाई पंचेचाळीस वर्षांनी वाकडला जाऊन शेवटच्या टेबलावर नवी पोरगी बसवून आली होती.

"मग हा जुना टाकाऊ झाला म्हणायचा," मी पुटपुटले.

"टाकाऊ न्हाई. कामचुकार बी न्हाई. शंभरातलं शंभर देतोय बिचारा." मग खाली बघत म्हणाला, "चाकणला माझ्या पुढच्या जागेवर रोबो बसवला होता मावशी. तो हात वर करून वाट बघत उभा राहायचा, अन् समदे माझ्याकडं बघायचे. माझा हात काय हळू झाला न्हवता."

तेजूनं घड्याळाकडे बघितलं. "काका, नवीन प्रोसेसर आज मिळेल?"

"ह्या बोर्डावर बसंल असला दुकानातून यायला उद्या उजाडंल." तो थांबला. "माझ्या दुकानातल्या मशीनमधला बसतो. आणतो. पण आधी बोर्डाच्या आत जे मूळचं लिहिलेलं असतंय, ते नवं भरावं लागंल. त्याशिवाय बोर्ड त्याला वळखायचा न्हाई."

"किती वेळ?"

"पाच-सात मिनिटं. पण भरताना लाईट गेली तर बोर्ड मेला."

"मग भरा की! लाईट आहे."

"गुरुवार हाय मावशी."

आमच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि तारांची दुरुस्तीही गुरुवारीच. इतकी वर्षं इथे राहतेय, गुरुवारचं पीठ मी बुधवारी दळून आणते. तरी म्हणाले, "सकाळपासून गेली नाही, म्हणजे आता नाही जाणार. तुम्ही भरा."

"न्हाई. बॅटरीचा यूपीएस आणतो."

"अहो, पाच मिनिटांचं काम! तिकडे पोरीचं नशीब टांगलंय आणि तुम्ही—"

"आजी!" तेजू ओरडली.

तो गेला. सव्वा तास लागला त्याला. एक वाजून गेला. लाईट होती. मी दर दोन मिनिटांनी गॅलरीत जाऊन म्हणत होते, "बघ, आहे ना अजून? बघ, आहे." शेवटी तो स्कूटरवरून आला. पायांत यूपीएस, खिशात चंदेरी पिशवीतला प्रोसेसर. चौथा मजला चढून धापा टाकत त्यानं वायरी जोडल्या, हात पुसला, डब्यावर ठेवला. मी दात आवळले.

भरायला सुरुवात झाली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकत होती. पट्टी अर्ध्यावर आली आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

फ्रीज गप्प झाला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "गेली!" म्हणालं. यूपीएस टीं करून ओरडला. मग पुन्हा.

"जुनी बॅटरी हाय," तो शांतपणे म्हणाला. "कुणी वायरला पाय लावू नका."

टीं... टीं. तेजूनं माझं मनगट धरलं, बांगडी रुतेपर्यंत. पट्टी सरकायची, थांबायची. यूपीएसचं ओरडणं जवळजवळ यायला लागलं. मी त्याच्याकडे बघितलं. तळवा तसाच डब्यावर, पण कपाळावरून घामाचा थेंब भुवईत उतरत होता. म्हणजे गोगलगायीलाही भीती वाटत होती. मला वाटायचं, हळू माणसांना काळजीच नसते.

पट्टी भरली. पडदा काळा झाला. त्यानं बटण दाबून सगळं बंद केलं आणि मगच श्वास सोडला.

खिडकीच्या उजेडात त्यानं जुना प्रोसेसर काढला, दुसरा बसवला. आता लाईटची वाट. दोन वाजले, अडीच वाजले. तेजू कोरा पडदा बघत बसली होती. तीनला दहा मिनिटं असताना पंखा फिरला. त्यानं बटण दाबलं. आतले पंखे सुरू झाले. पडदा काळाच.

"काका?"

"पहिल्यांदा वेळ घेतो. वळख पटू दे त्याला."

एक मिनिट. पडदा काळाच. माझी बोटं टेबलावर आपटायला उठली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी उठले, माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि गटागटा प्यायले. पेला खाली ठेवला तेव्हा पडदा उजळला होता.

पाच वाजता तेजू खोलीतून बाहेर आली. तिघांना घेतलं होतं, ही तिसरी. बापानं पेढे आणले. मी पेढे घेऊन दुकानात गेले तर तो आमचा जुना प्रोसेसर स्वतःच्या मशीनमध्ये बसवत होता.

"अहो, तेजूला नवा घेऊ, तुमचा परत देते."

"राहू द्या. मला बिलं छापायची अन् भजनं ऐकायची. ह्याला झेपंल तेवढं काम माझ्याकडं हाय."

त्यानंतर मी बऱ्याचदा दुकानात जायचे, काम नसतानाही. त्याचं पाणी प्यायचे.

मागच्या हिवाळ्यात तो दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. तेराव्यानंतर त्याची बायको रिक्षातून एक डबा घेऊन आली. म्हणाली, "ह्यांनी सांगून ठिवलं हुतं. ह्याच्यात तुमच्या पोरीचं काय तरी हाय, ते द्यायचं." मी नको नको म्हणत राहिले. ती डबा ठेवून गेली.

मी हे त्याच डब्यावर लिहितेय. चालू व्हायला खूप वेळ घेतो. बटण दाबते, हात पदराला पुसते आणि तळवा वर टेकवते. आत पंखा फिरायला लागल्याचं हाताला कळतं. पडदा अजून काळाच असतो. तोवर मी पाणी पिऊन घेते.