आरपार काळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या गटातल्या मैत्रिणींना तर नाहीच. दुसऱ्यांनी झाकलेलं उघडं पाडायचं, त्याची पत्रकं छापायची, बाजारात वाटायची — हे माझं काम. आणि माझं स्वतःचं? ते मी इतकी वर्षं झाकूनच ठेवलं.

शिवऱ्याला हायवेच्या कडेला बबनअण्णांची शेड होती. लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे — व्हिनियर — ते रंगवून द्यायचे. पुण्याचे फर्निचरवाले न्यायचे. या धंद्यात कसोटी एकच: रंग आरपार गेला पाहिजे. वरून पॉलिश पेपर मारला आणि आतलं पांढरं दिसलं, की माल परत. त्यासाठी रसायनाच्या टाकीत शीटं दोन-दोन दिवस उकळायची, आणि ते पाणी मागच्या ओढ्यात. ओढा कधी जांभळा, कधी काळा. मला संताप आला. यायलाच हवा होता, नाही का? शेडमधून काळ्या शीटचा एक तुकडा उचलून आणला, पुरावा म्हणून फायलीत ठेवला आणि पत्रक काढलं — ‘ओढ्याचा मारेकरी कोण?’ अण्णांचं नाव नव्हतं त्यात. पण शिवऱ्यात अशी शेड एकच होती.

अण्णा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला शेडवर बोलावून चहा मागवला. म्हणाले, पाणी घाण होतंय ते मलाही दिसतंय, दुसरा रस्ता असेल तर दाखवा, आजच टाकी ओततो. आता सांगा, पत्रकवाली यावर काय म्हणणार? दाखवते, मी म्हणाले. चार गावकऱ्यांसमोर दाखवायचा दिवसही ठरवला.

वेल्ह्याच्या डोंगरातला हिरडा आणला. भोरला आमच्या गच्चीवर उकळला. दुसऱ्या भांड्यात गंजके खिळे आणि गूळ टाकून लोखंडाचं पाणी केलं. हिरड्यात भिजलेलं लाकूड त्या पाण्यात घातलं की काळं पडतं. हे खोटं नाही. फार देखणं काळं पडतं. पण कड मोडली की आत पांढरी रेघ. तीनदा केलं — तीनदा रेघ.

मग — इथे अजूनही हात अडतो — मी फायलीतला तो तुकडा काढला. अण्णांच्याच टाकीतला, रसायनातला. त्यावर हिरड्याच्या काढ्याचा बोळा फिरवला. वास लागावा म्हणून. आणि ठरल्या दिवशी, हा हिरड्याचा रंग, असं सांगून तो अण्णांच्या हातात दिला.

त्यांनी कड मोडली. उन्हात धरली. आतपर्यंत काळा. मग त्यांचा पुतण्या म्हणाला, “घ्या अण्णा, पोरीनं शिकवलं तुमाला.”

“मग शिकू की,” अण्णा म्हणाले. “न्हाईतरी ह्या टाकीनं माझी नखं खाल्ली.”

रसायनाचे डबे त्यांनी त्याच आठवड्यात देऊन टाकले. मग त्यांचे फोन. हिरडा कोवळा घेतला का पिकलेला? किती तास उकळला? पाणी विहिरीचं का नळाचं? आणि मी दर वेळी काहीतरी ठोकून द्यायचे. जरा जास्त ठेवा. आच कमी करा. मला काय ठाऊक होतं? पण पुढच्या फोनवर तो माणूस मी सांगितलेलं सगळं करून बसलेला असायचा.

पुण्याहून माल परत यायला लागला. दिवाळीच्या आधी धंदाच बंद पडला. ओढा निवळला. मी त्यावरही पत्रक काढलं, त्या तुकड्याचा फोटो छापून.

रंग वरवरच बसतोय, आत जात नाहीये — एवढंच खरं बोलले असते तर? तीस वर्षं लाकूड हाताळलेला माणूस. त्यानं काहीतरी वाट काढली असती. निदान खोट कुठे आहे हे त्याला कळलं असतं. माझ्यामुळे तो ती स्वतःच्या हातात शोधत बसला.

मागच्या महिन्यात शिवऱ्याला उतरले होते. शेडमध्ये आता पुतण्या टेम्पोचे पंक्चर काढतो. अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसलेले. भिंतीवर तो तुकडा — काच लावून, मोडक्या कडेसकट. एक टेम्पोवाला त्याकडे बघत होता. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

“ह्या ताईंचा रंग. हिरड्याचा हाय. म्या लई खटपट केली, पण असा काळा माझ्या हाताला कधी आलाच न्हाई.”

तो त्यांच्याच हातचा होता. मी समोर बसून चहा संपवला आणि भोरची एसटी धरली.