सैलसर मांडणी

चिनीमातीच्या भांड्यांच्या त्या दुकानात तिला सगळे मांडणीबाई म्हणत. दर्शनी काचेमागे एक जेवणाचं टेबल होतं आणि गेली एकतीस वर्षं ते सजवणं हेच तिचं काम. थंडीत गडद जाड कापड, उन्हाळ्यात पांढरं, वसंतात ईस्टरच्या आधी फिकट पिवळं. बश्या दोरी लावल्यासारख्या, काटे-चमचे काठापासून बोटभर आत, पाव मेणाचा, अंडी लाकडाची. येणारेजाणारे थांबून बघत. एखादी नवी नवरी नवऱ्याची बाही ओढून आत घेऊन येई, तेव्हा मांडणीबाई गालातल्या गालात हसे. दुकानातल्या टेबलाचं एक बरं असतं, तिथे कुणी जेवायला बसत नाही. माणसं बसली की मांडणीची वाट लागते, हे तिचं ठाम मत होतं आणि ती ते कुणालाही ऐकवायची.

नवरा पाट्या रंगवणारा. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. पट्टी न लावता भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची पैज तो लावायचा आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या पैशाने चहा प्यायचा. घरी मात्र त्याची कला वर्षातून एकदाच चालत असे. ईस्टरच्या जेवणाला प्रत्येकाच्या बशीत एक उकडलेलं अंडं, आणि त्यावर बारीक कुंचल्याने लिहिलेलं त्या त्या माणसाचं नाव. मुलगी लहानपणी ते अंडं फोडू द्यायची नाही. मग चार दिवसांनी कपाटातून वास यायचा आणि घरात आरडाओरडा व्हायचा.

मागच्या वर्षाअखेरीस त्याचा उजवा हात थरथरू लागला. आधी म्हणाला थकवा आहे, मग म्हणाला थंडी आहे. थंडी गेली, हात तसाच. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. घरी येताना तो वाटेत एकच वाक्य बोलला.

"कुणाला सांगू नकोस. आमच्या धाकट्याला तर मुळीच नको."

धाकटा म्हणजे तिचा दीर. मनाने चांगला, पण तोंडाला कुलूप नाही. आयुष्यभर त्याने दादाच्या हाताची तारीफ जगाला सांगितली होती. आता तोच हात बघून तो सगळ्यांदेखत काय म्हणेल, या विचाराने नवऱ्याची झोप उडाली होती. आणि ईस्टर तीन आठवड्यांवर आलेला. दीर, जाऊ, लेक, जावई, सगळे येणार. दर वर्षी येत, या वर्षी नको कसं म्हणायचं?

मांडणीबाईने मनाशी ठरवलं, जेवण होईल आणि कुणाच्या काही लक्षात येणार नाही. हे आपल्याला जमलं नाही तर एकतीस वर्षं काय नुसत्या बश्या पुसल्या?

हल्ली गिऱ्हाइकं सैलसर मांडणी मागत. इस्त्री न केलेलं कापड, एकमेकांशी न जुळणाऱ्या बश्या, बरणीत खोचलेली फुलं, कुणी कुठेही बसा. ती नाक मुरडायची. याला मांडणी म्हणतात की पसारा? आता हाच पसारा तिच्या मदतीला आला.

फुलाफुलांचं कापड काढलं, त्यावर डाग पडला तरी दिसत नाही. सपाट बश्यांऐवजी खोलगट वाडगे. चमचे आईकडून आलेले, जुने आणि जड, कारण हलका चमचा जास्त थरथरतो हे तिने तीन रात्री त्याच्याशेजारी बसून पाहिलं होतं. बुटके, जाड बुडाचे ग्लास, तेही अर्धेच भरलेले. जेवणात सुरीने कापण्यासारखं काही नाही. मऊ शिजलेलं चिकन, कुस्करलेले बटाटे, गाजरं. सगळ्यांना तिनेच वाढायचं, म्हणजे वाडगे इकडून तिकडे द्यायला नकोत. त्याच कारणाने मिठाची बाटलीसुद्धा टेबलावर ठेवली नाही. नाहीतर दीर म्हणणार, दादा, जरा मीठ सरकव.

फुलं माणसांच्या कोपराच्या वर जाता कामा नयेत, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, हा तिचा दुकानातला पहिला नियम. तो तिने स्वतःच मोडला. पिवळ्या फुलांच्या उंच फांद्या पाण्याच्या जगमध्ये उभ्या केल्या आणि जग बरोबर त्याच्या जागेसमोर ठेवला. शेवटी जुन्या चादरीचे सहा रुमाल शिवले, चांगले हातभर मोठे. मांडीवर पसरले की गुडघ्यापर्यंत झाकलं जावं असे.

राहिली अंडी. आदल्या सकाळी त्याने कपाटावरून कुंचल्यांचा डबा काढला तेव्हा ती कांद्याच्या सालींच्या पाण्यात अंडी उकडत होती.

"यंदा नुसतीच रंगीत ठेवते," ती चुलीकडे बघत म्हणाली. "मधे एका टोपलीत. हल्ली असंच करतात."

त्याने डब्याचं झाकण परत लावलं. "बरं," म्हणाला, आणि डबा होता तिथे ठेवून आला. तिला वाटलं त्याच्या मागे जावं. पण अंडी फुटली असती, असं तिने स्वतःला सांगितलं.

रविवारी दुपारी सगळे आले. टेबल बघून लेकीने टाळ्याच वाजवल्या. "आई! तू आणि बिनइस्त्रीचं कापड! तब्येत बरी आहे ना?"

"कुठेही बसा," मांडणीबाई म्हणाली, आणि नवऱ्याला हळूच फांद्यांमागच्या कोपऱ्यात बसवून स्वतः त्याच्या उजव्या हाताला बसली.

"माझ्या अंड्यावर नाव कुठाय, बाबा?" लेकीने टोपलीत शोधाशोध केली.

"आईचा हुकूम," तो म्हणाला. "यंदा सगळं सैल."

"मीच नको म्हटलं," ती घाईने म्हणाली. "कशाला उगाच कुटाणा."

"वहिनी आता म्हाताऱ्या झाल्या," दीर हसला. "आळस आला. दादा, तू तरी ऐकायचं नव्हतंस. अरे, तुझ्या हातचं अक्षर म्हणजे..."

"जेव रे," नवरा म्हणाला. "थंड होईल."

मग नवराच रंगात आला. पाट्यांच्या जुन्या गोष्टी सांगत होता, एका न्हाव्याने पैसे वाचवायला अर्धीच पाटी कशी रंगवून घेतली ते सांगत होता, आणि सगळे पोट धरून हसत होते. मांडणीबाई वरवर हसत होती, इतरांचं लक्ष जाऊ नये म्हणून त्याच्या हाताकडे मुद्दाम बघत नव्हती, पण कान वाडग्याकडे. चमचा वाडग्यावर आपटल्याचा टकटक आवाज एकदाही आला नाही. जड चमचा लागू पडला म्हणायचा. दीर टेबलावर काहीतरी शोधू लागला, तेव्हा जावेने त्याला कोपराने ढोसून गप्प केलं. स्वतःच्या पानात काय आहे, कसं झालंय, याकडे तिचं ध्यानही नव्हतं.

मधेच जावयाला फोटो काढायची हुक्की आली. सगळ्यांना त्याने खिडकीपाशी उभं केलं, तिलाही ओढलं.

"मला उठवू नका," नवरा कोपऱ्यातून म्हणाला. "मी इथूनच दिसतो."

परत येऊन बसले तेव्हा त्याचा वाडगा रिकामा होता.

"झकास झालंय," तो तिच्याकडे बघून म्हणाला. "पोट तट्ट भरलं."

तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. कांद्याचं नाव सांगायलाही काही नव्हतं, म्हणून ती उठून आत पाणी आणायला गेली.

उन्हं भिंतीवरून उतरायच्या आत पाहुणे गेले. दीर दारात म्हणाला, "दादा, तू आणखी वीस वर्षं काही म्हातारा होत नाहीस." नवऱ्याने हात खिशात ठेवूनच मान हलवली. दार लागलं. जमलं. कुणाला म्हणून कळलं नाही. मांडणीबाई गुणगुणतच टेबल आवरायला लागली.

दुकानाची सवय, प्रत्येक नग मोजून उचलायचा. वाडगे सहा, ग्लास सहा, चमचे सहा, रुमाल पाच. टेबलाखाली पाहिलं, खुर्च्या सरकवल्या. सहावा सापडला मोरीत, धुण्याच्या बादलीत, त्याच्या सकाळच्या शर्टाखाली. चारी कोपरे जुळवून, घडी घालून ठेवलेला. उचलला तर जड लागला.

तिने तिथेच खाली बसून तो उलगडला. चिकन, बटाटे, गाजरं, तिने वाढलेला घास न् घास त्यात होता. तिने सोलून दिलेलं अर्धं अंडंही होतं.

फोटो काढायला सगळे उठले तेव्हा त्याने मांडीवरच्या रुमालात वाडगा उपडा केला होता. हातभर मोठा रुमाल, तिनेच शिवलेला. फांद्यांचा आडोसा, तोही तिनेच ठेवलेला. तिला स्वतःचा मनस्वी राग आला. कुणाला दिसू नये एवढंच तिने पाहिलं, तो जेवला का हे पाहिलंच नाही.

रुमाल घेऊन ती बाहेर आली. तो पुन्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसला होता. तिने रुमाल टेबलावर ठेवला. त्याने मान खाली घातली.

"सकाळपासून उपाशी आहात?"

"टेबल इतकं सुंदर झालं होतं गं," तो म्हणाला. "पहिलाच चमचा उचलला आणि कळलं, आज हात ऐकणार नाही. सांडलं असतं, धाकट्याने बघितलं असतं. तीन आठवडे तू जिवाचं रान केलंस. म्हटलं, आपल्यापायी बिघडायला नको."

"बिघडू दे ना!" ती ओरडलीच. "एकतीस वर्षं न जेवणाऱ्यांसाठी टेबल मांडलं मी. घरात कुणाला तसं न जेवता बसायला सांगितलं होतं?"

आणि ती रडली. हुंदके देऊन, पदर न लावता रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तो हात पाठीवरही थरथरत होता.

मग तिने डोळे पुसले. फांद्यांचा जग उचलून खाली जमिनीवर ठेवला. फुलाफुलांचं कापड ओढून काढलं. पातेल्यात उरलेलं गरम केलं, वाडगाभरून उघड्या टेबलावर त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर बसली, अगदी तोंडासमोर.

त्याने चमचा धरला. टक, टक, टक, टक. अर्धं टेबलावर सांडलं, थोडं शर्टावर. तिने पुसायला हात पुढे केला नाही आणि नजरही वळवली नाही. दुसरा घास कसाबसा तोंडापर्यंत पोचला. त्याने तो हळूहळू चावला, थांबला, परत चावला आणि तिच्याकडे पाहिलं.

"अगं," तो म्हणाला, "यात मीठच नाही."