बशीतली वाढ

आमच्या जीवशास्त्राच्या सरांना आम्ही मागून ‘बशीवाले’ म्हणायचो. तरुणपणी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी उंदराच्या पिट्युटरी ग्रंथीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या होत्या. वडील गेले म्हणून दिग्रसला परतले आणि आमच्यासारख्या दगडांना शिकवू लागले. जीव मात्र त्या बशीतच अडकलेला.

धडा कोणताही असो, गाडी मेंदूखालच्या त्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीवर यायचीच. “वाढीच्या हार्मोनचं जीन पेशीत असतेच,” सर हात झटकत सांगायचे, “पण ते आपल्या मनानं काम नाही करत. थायरॉइडचं हार्मोन येते, म्हणते ऊठ. मंग कॉर्टिसोल येते, म्हणते लाव जोर. दोघं मियाले का काम दणक्यात! माह्या डोयानं पाह्यलं मी.” कापसाच्या पडत्या भावाची वर्षं होती, मुलं मजुरीला जायची, बहुतेक बाक रिकामे. सर अकरा जणांनाही साठ जणांच्या आवाजात शिकवायचे.

त्यांचं आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यांची मुलगी सुमी तेव्हा नऊ वर्षांची. गावात कापसातून सरकी काढायचं जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचे तंतू उडायचे आणि सुमीची छाती शिट्टी वाजवायची. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, “दम उतरला की घेऊन या, हळूहळू बंद करू. फार दिवस दिल्या तर वाढ खुंटते.”

सर हसले. स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसोलचाच भाऊबंद. “डॉक्टरसाहेब, मले सांगता? यानं तर वाढीचं जीन जोरात चालते.” पुढे ते डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. दुकानातून गोळ्या आणत राहिले, हंगाम संपल्यावरही. सुमीचा दमही गेला, उंचीही वाढेल, असा त्यांचा हिशोब.

काकू, म्हणजे सुमीची आई, चौथी शिकलेल्या. तीनेक वर्षांनी एकदा धुणं वाळत घालताना मला म्हणाल्या, “पोरीले तीन वर्षांपासून हाच फ्राक होऊन राह्यला. काहून असं?” मला जीवशास्त्रात वर्गात सर्वांत जास्त मार्क होते. मी त्यांना सरांचीच टेप ऐकवली. त्यांनी तो फ्राक दोरीवर टाकला आणि त्या आत गेल्या. मी त्यांचं तोंड बंद केलं, याची मला आजही लाज वाटते.

शेवटी काकूच हट्टानं तिला यवतमाळला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी सरांना बोलावून समजावलं, “बशीत पेशी एकट्या असतात, सर. अंगात हाडंही असतात. या गोळ्या वर्षानुवर्षं पोटात गेल्या की हाडांची वाढच मंदावते.” गोळ्या हळूहळू बंद झाल्या. सुमी थोडी वाढली, पण चार फूट पाचच्या पुढे गेली नाही. त्यानंतर सरांनी तो धडा कधी शिकवला नाही. मुलांना म्हणायचे, “घरी वाचून घ्या.”

बऱ्याच वर्षांनी सर आजारी पडले तेव्हा मी दवाखान्यात डबा घेऊन गेले होते. सुमी खाटेच्या कडेला बसली होती, शिक्षिका झालेली, पाय जमिनीला न टेकणारे. “बाबा, त्या गोळ्यायनं माहा श्वास तर चालू राह्यला न,” ती म्हणाली.

मला वाटलं, आता तरी हा माणूस स्वतःला माफ करेल.

सरांनी नकारार्थी मान हलवली. “श्वासासाठी त्या डॉक्टरनं देल्ल्या होत्या, बेटा. मी देल्ल्या त्या माह्या बशीसाठी.”

सुमीनं त्यांचा हात सोडला नाही. मी डबा तसाच धरून उभी राहिले.