साहेबराव मामांची रिकामी जागा

साहेबराव मामांचं पत्र मी निम्मंच वाचलं आणि पेंटरकडं पळालो. शेजारी लातूर जिल्हा नवाच झालेला, त्यामुळं तिकडच्या पाट्या रंगवणारे पेंटर आमच्या मुखेडवरून येत-जात असायचे. त्यातल्या एकाला धरून स्टँडवर फळा लावला : 'मुखेडच्या सुपुत्राची युद्धनौका परदेशी आरमारात!'

उरलेल्या निम्म्या पत्रात होतं, की एका चिमुकल्या बेटांच्या देशाला नव्या फ्रिगेटी, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, बांधायच्यात, तीन नकाशे पुढं ठेवलेत, त्यातला एक मामांचा, निवड अजून व्हायचीय.

मामा सुटीवर आले आणि एस्टीतून उतरले ते फळ्यासमोरच.

"भाचेबुवा, माझा नकाशा नापास झाला तर?"

"पुसून टाकू की, मामा."

"फळा पुसशील. तुझ्या आजीनं विहारात साऱ्यांना सांगितलंय, ते कसं पुसशील?"

बहात्तरच्या दुष्काळात आजीबरोबर, म्हणजे नागुबाईबरोबर, मामांनी ह्याच रस्त्याची खडी फोडलेली. पुढं नांदेडला आयटीआय केलं आणि मुंबईच्या कचेरीत जहाजांचे नकाशे काढायला लागले. त्या माउलीची मान खाली जाऊ नये, एवढाच घोर.

हॉटेलवाला गुरुपादप्पा वाटच बघत होता. "या कॅप्टन! इथं प्यायला पाणी न्हाई, जहाज कुठं सोडता?"

"त्यांच्या समुद्रात, अप्पा."

"तोफा लई असतील?"

"बेताच्याच. मधोमध जागा रिकामी ठेवलीय."

सगळं हॉटेल हसलं. "रिकाम्या जागेचे पैसे घेता व्हय?"

मामांनी रस्त्याकडं बोट केलं. नरसिंगची बैलगाडी पाण्याचं पिंप घेऊन चाललेली. "मागं ह्याच गाडीत वऱ्हाड होतं. सुगीत कडबा. गाडी तीच, वरचं बदलतं. लहान देशाला घडीघडी नवं जहाज परवडत न्हाई. उद्या कोणतं शस्त्र निघंल, आज कुणाला ठाऊक? जागा राखली, वीज जादा ठेवली, तर जहाज न मोडता ते बसवता येतं. वादळ झालं तर तिथंच बेटांवर न्यायची औषधं भरायची."

"आन् काहीच न्हाई मिळालं तर?"

"तर तुम्हाला बसवू. गप्पा मारायला."

हसले मामाही, पण जेवण काही जाईना. शेवटी पोस्टमन ग्यानोबा भर उन्हात तार घेऊन हॉटेलातच धावत आला. मामांनी ती वाचली, परत वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

"काय झालं?" गुरुपादप्पा गल्ला सोडून पुढं आला.

"तुमचं हसणं वाया गेलं, अप्पा. आपलाच नकाशा घेतला."

"आमच्या साहेबरावचं जहाज!" गुरुपादप्पा रस्त्यात जाऊन ओरडला. साहेबराव त्याचे कधी झाले, कोण विचारतो! नागुबाई आली, लेकाच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "कोरडा देश न्हवं ना रे त्यो?" आम्ही सगळ्या स्टँडला चहा पाजला.

फक्त तार आणणाऱ्या ग्यानोबाला कुणी चहाचं विचारलं नाही. पुढं त्याची इस्लापूरला बदली झाली. त्याचा एक कप आमच्याकडं अजून बाकी आहे.