भावकीचा पहारा
आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि उंब्रजला घरी येऊन बसले, तेव्हा पहारा करायला काही नाही म्हणून नुसते कासावीस. ऊस काही जागचा हलत नाही. म्हैस दावणीला. मी तर लग्नापासूनच बंदोबस्तात. उरली अकरावीतली लेक. ती रोज एसटीनं कराडला कॉलेजला जायची आणि तिच्याकडं मोबाईल होता.

खरं सांगते, बापलेकीचं लय गूळपीठ. हे सरहद्दीवर असताना रेंज मिळाली की फोन यायचा, आणि कार्टी सगळं ओकायची. कोणत्या बाई ओरडल्या, कुणी खोडरबर चोरला, आई कशी उगाच चिडते. मला मेलीला बोलायला शेवटचं अर्धं मिनिट उरायचं. राग यायचा, पण बरंही वाटायचं.

तर एक दिवस कुणीतरी यांना ॲप दाखवलं. पोरांच्या मोबाईलमध्ये घालायचं, की पोर कुठं आहे, कुणाला काय लिहितंय, सगळं आपल्या मोबाईलवर दिसतं. लेकीला सांगितलं, "तू कुठं हाईस तेवढंच कळतंय, बाकी काय न्हाई."

"कळू दे की पप्पा," ती म्हणाली. बापानं सांगितलं म्हणजे खरंच असणार.

इथवर घरोघरी होत असेल. पुढचं मात्र फौजी डोकंच करू जाणे. "एका माणसानं पहारा होत नसतो," हे म्हणाले, "पाळ्या लावाव्या लागत्यात." आणि दिला पासवर्ड भावकीत वाटून! सकाळी एक चुलत दीर, दुपारी दुसरे, संध्याकाळी थोरले भावजी.

"अहो, पोरगी आहे का दारूगोळ्याचं कोठार?" मी म्हणाले.

"तुला न्हाई कळायचं. भावकी म्हंजे आपलीच माणसं."

आपली माणसं! बांध कोरताना ही आपली माणसं कुठं जातात कोण जाणे.

रोज दिवेलागणीला तिघं कट्ट्यावर रिपोर्ट द्यायला हजर. चहा मी करायचा. एकदा खबर आली, "पोरगीनं कुणाला तर 'लव्ह यू' लिवलंय." झालं, धावपळ. ती निघाली बाकावरची मैत्रीण. एकदा, "बेडकाचं पोट फाडलेलं बघत बसती वो." अहो, सायन्सला आहे ती! दुपारच्या भावजींना तर त्या गप्पांची अशी गोडी लागली, की टीव्हीवरची मालिका सोडली त्यांनी.

मग आली गावची जत्रा. आमच्याकडं पंगत बसलेली, लेक रस्सा वाढत होती. दुपारचे भावजी मायेनं, चांगले खणखणीत आवाजात म्हणाले, "काय गं बाळा, पोटात दुखायचं थांबलं का? दर म्हयन्याला असं होतंय तर चिमटीभर ओवा खावा."

सगळी पंगत लेकीकडं बघायला लागली. हे तिनं फक्त मैत्रिणीला लिहिलं होतं. तिनं भावजींकडं बघितलं, मग बापाकडं. हे खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले. असं वाटलं, तिच्या हातातली रश्श्याची बादली हिसकून घ्यावी आणि तिघांच्या डोक्यावर ओतावी. वरून यांच्यासाठी एक वेगळी.

पोरगी रडली नाही की भांडली नाही. पण त्या दिवसापासून मोबाईल कसा, धुतल्यावानी स्वच्छ. "ओके मॅम." "गुड मॉर्निंग." बस्स.

"बघ, शिस्त आली का न्हाई?" यांची छाती फुगली.

शिस्त कसली डोंबलाची! पोरगी घरात बोलेनाशी झाली होती. जेवताना "हं" आणि "नको". मी खोदून विचारलं, तर "काही नाही गं आई." हे तर विचारतच नव्हते. मोबाईलमध्ये सगळं दिसतंय की!

मग एका दुपारी कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. कराडच्या स्टँडवर एक माणूस महिनाभर लेकीच्या मागं लागला होता. गाडीत शेजारी येऊन बसायचा, घाण घाण बोलायचा. मॅडम म्हणाल्या, "घरी सांगितलंस का विचारलं, तर रडायलाच लागली."

मी धावत जाऊन यांना सांगितलं. हे मोबाईल चाळायला लागले. पोरगी स्टँडवर पोचली, ऑल ओके. गाडीत बसली, ऑल ओके. महिनाभर भावकीनं नुसतं ऑल ओके कळवलं होतं.

लेक घरी आली तेव्हा हे दारातच उभे होते. "बाळा, मला का न्हाई सांगितलंस?"

तिनं सॅक खाली ठेवली. "तुम्हालाच सांगायचं होतं, पप्पा. रोज ठरवायचे. पण तुम्हाला एकट्याला काही सांगायची सोयच राहिली नाही."

मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

यांनी तिचा मोबाईल मागितला आणि ॲप काढायला बसले. ते काढायचं कसं, यांना कुठं माहीत होतं! शेवटी तिनंच दाखवलं, "इथं दाबा. आता इथं."

"मॅडम म्हणतात, उद्या पोलिसांत तक्रार द्यायची," ती हळूच म्हणाली.

हे ताडकन उठले. "मी येतो! थोरल्या भावाला घेतो, जीप काढतो, धाकल्यास्नी बी..." आणि मध्येच थांबले.

लेक बापाकडं बघत होती.

"या पप्पा," ती म्हणाली. "पण एकटेच या."