गौरम्मांच्या हौदातला नाग

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी सांगायला लागले की मला मध्ये थांबता येत नाही. आणि माती मी काही साधीसुधी खाल्लेली नाही. हळदकुंकू लावून, आरती करून, चार बायकांना बोलावून खाल्ली आहे!

आम्ही राहतो कन्नड मुलखात, सर्जापूर रोडला. अपार्टमेंटमध्ये मराठी घरं बरीच, पण सगळ्या मुली आयटीतल्या. कुठलाही सण आला की फोन मला. "काकू, नागपंचमीला चिरायचं नाही म्हणजे ब्रेडपण नाही का कापायचा?" "काकू, तवा नाही ठेवायचा, पण टोस्टर चालेल ना?" मी सातारची. सासर-माहेर दोन्हीकडे सगळं साग्रसंगीत. त्यामुळे शास्त्रात काकूंचा हात धरणारं कुणी नाही, असं सगळ्यांचं मत. माझंही तेच होतं म्हणा.

तर आमच्या गेटबाहेर जुन्या गावातलं एक घर अजून तग धरून आहे. गौरम्मांचं. समोर पिंपळाचा कट्टा, त्यावर नागाचे जुने दगड ओळीनं उभे. मागच्या परसात एक सिमेंटचा हौद आणि तगर, जास्वंद, काय वाट्टेल ती फुलं. मला फुलं न्यायची कायमची मुभा. गौरम्मांना मराठी येत नाही, माझं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, ह्याच्या पुढे जात नाही, पण आमचं छान जमतं. मध्ये हिंदी असतेच.

नागपंचमीच्या सकाळी मी फुलांना गेले तर घराला कुलूप. म्हटलं असतील कुठेतरी गेलेल्या. फुलं तोडता तोडता हौदात डोकावले, तर काय! तळाशी नाग! नवा कोरा, काळ्या दगडातला, फणा काढलेला. चक्क पाण्यात आडवा टाकलेला!

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? आपल्याकडे देव पाण्यात गेला की गेला. गणपती जातो, गौरी जातात. मला वाटलं, झालं! रस्ता रुंद करताना कुठलातरी कट्टा पाडला असणार आणि हा बिचारा कुणीतरी इथे आणून बुडवला. तोही नागपंचमीच्या दिवशी! वर दोन फुलं तरंगत होती, पण मी म्हटलं झाडावरून पडली असतील. माणसाला एकदा ठरवायचंच असलं ना, की सगळं पटतं.

तशीच घरी गेले आणि ह्यांना उठवलं. आमचे हे आयुष्यभर सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासत होते. शंका काढणं हाच धंदा.

"अगं, कुणाचातरी असेल तो. विचारायला नको का?"

"कुणाचा असेल? देव टाकून देणाऱ्यांना काय विचारायचं?"

"गौरम्मा येईपर्यंत थांब की."

"पंचमी थांबणार आहे का?"

झालं, निघाले बिचारे. पोतं घेतलं, दोर घेतला, फळी घेतली. विमान उतरवावं इतक्या काळजीनं आम्ही नागोबांना हौदातून वर काढलं. ह्यांची कंबर धरली, माझी बांगडी पिचली. पण कट्ट्यावर नेऊन उभं केलं एकदाचं, आणि मी हातातली सगळी कामं टाकून फोन लावत सुटले.

अर्ध्या तासात सगळ्या पोरी हजर. लाह्या, दूध, दूर्वा, पुरणाची दिंडं, सगळं आलं. एकीनं तर ऑफिसच्या मीटिंगचा कॅमेरा बंद करून आरतीत टाळ्या वाजवल्या. मी पूजा सांगितली, कहाणी सांगितली. वर छोटंसं भाषणही ठोकलं, की आपल्या लोकांनी जुने देव असे वाऱ्यावर सोडू नयेत. डोळ्यांत पाणी आलं हो पोरींच्या!

गर्दी दिसल्यावर गावातल्या बायका आल्या. त्या तशाही पंचमीला नागाला दूध घालायलाच निघाल्या होत्या. रिक्षावाले थांबले. दोन डिलिव्हरीवाल्यांनी पिशव्या खाली ठेवून नमस्कार केला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी प्रत्येकाला प्रसाद देत होते. घरचं कार्य असल्यासारखी मिरवत होते नुसती.

आणि एक कॅब येऊन थांबली.

आधी गौरम्मा उतरल्या. मागून त्यांची मुलगी शोभा, जावई आणि सोवळं नेसलेले भटजी. शोभा बेळ्ळंदूरला नोकरी करते, हिंदी अगदी फर्डी बोलते. गौरम्मांनी कट्ट्याकडे पाहिलं, "अय्यो!" म्हणाल्या आणि मटकन खालीच बसल्या.

मी पुढे झाले. "घाबरू नका. मी वाचवला त्याला!"

"आंटी," शोभा हळूच म्हणाली, "तो आमचाच आहे."

मग तिनं सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी आईनं मूल व्हावं म्हणून नागाचा दगड बसवायचा नवस केला. इकडे पद्धत अशी, की दगड घडवून आणला की आधी पाण्यात ठेवायचा. पाण्यात राहून त्यात देवत्व येतं. मग चांगला दिवस बघून त्या जोडप्याच्या हातून बाहेर काढायचा आणि भटजींनी त्याची पिंपळाखाली प्रतिष्ठा करायची. त्यांचा तो दिवस आजचाच होता. सकाळी हे सगळे भटजींनाच आणायला गेले होते.

म्हणजे मी देवाला वाचवलं नव्हतं. शोभाचा नवस उचलून रस्त्यात आणला होता! त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघवेना. घळाघळा रडत होती ती. मला खरंच रडू फुटलं.

तेवढ्यात आमचे हे माझ्या कानाशी म्हणतात, "मुलाचा निकाल असला, की तूच म्हणतेस ना, देव पाण्यात घालून बसलेय म्हणून? इथे कुणी खरोखर घालून बसलं, तर उपसून काढलास."

असा राग आला! पण आपल्याच तोंडातलं वाक्य, आणि एवढ्या शास्त्राच्या गोष्टी सांगणाऱ्या बाईला डोळ्यांसमोर दिसू नये?

मी भटजींपुढे हात जोडले. "काहीतरी उपाय सांगा हो. त्या पोरीचं वाईट नको व्हायला."

भटजी शांत माणूस. कट्ट्याला फेरी मारली, दुधाचे ओघळ बघितले, लाह्या बघितल्या. मग हिंदीत म्हणाले, "वाईट काही होणार नाही. भक्तीनंच केलंय. पण प्रतिष्ठा आज नाही. नागप्पा परत पाण्यात जाईल आणि पुढच्या मुहूर्तावर हिच्या हातून बाहेर येईल."

गौरम्मांनी डोळे पुसले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तोच भटजी थबकले.

"अम्मा, पूजेला संकल्प सोडलात?"

"सोडला ना! संकल्पाशिवाय कसली पूजा?"

"कुणाच्या नावानं?"

"माझ्या. आणि ह्यांच्या. गोत्रासकट," मी म्हटलं.

एक पोरगी खोकली. पदरांआडून बायकांचे खांदे हलायला लागले. मला कळेचना काय झालं ते.

मग शोभा हसली. आधी नाकातून, मग पोट धरधरून. रडून लाल झालेले डोळे पुसत पुसत म्हणाली, "सरी आंटी, आधी तुमचं होऊ दे. मग माझं."

मला छप्पन्नावं चाललंय हो!

आणि आमचे हे? लग्न झाल्यापासून एकदाही देवासमोर हात न जोडलेला माणूस. पांढराफटक पडून भटजींच्या पायाशी वाकला आणि विचारतो कसा, "गुरुजी, हा संकल्प कॅन्सल करता येतो ना?"