गोजराच्या मुठीतलं मीठ

माझी आई गोजरा नेरूळच्या बाजारात मासळी विकते, आणि तिला जन्माचा एकच घोर, बर्फ वितळेल. कुणाच्या लग्नाच्या मांडवातही तिचं अर्धं लक्ष घरी ठेवलेल्या पापलेटांत असतं. बर्फाला पाणी सुटलं की ती मूठभर खडं मीठ मारते, म्हणजे मासळी जास्त गार राहते. ही सवय मला पुरती ठाऊक होती. तरी त्या दिवशी मी गाफील राहिलो.

माझी बहीण जागृती कॉलेजात तासांवर शिकवते. दर वर्षी पुन्हा घेतील की नाही, ही धाकधूक ठरलेली. खारघरच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली आणि मुलाखतीत पाठ घेऊन दाखवायचा होता. तिचा विषय युरोपा, गुरूचा बर्फाळ चंद्र. त्याच्या बर्फाच्या कवचाखाली समुद्र आहे म्हणे. गुरूच्या ओढीने ते कवच ताणलं जातं, दबतं, तडकतं, भेगांच्या कडेने उंचवटे उठतात. हे दाखवायला तिने परातीत बर्फाची पातळ चकती गोठवली होती. टबातल्या पाण्यावर चकती ठेवायची आणि खालून फुगा फुगवायचा, की लांब भेग पडते.

थर्माकोलच्या पेटीत चकती घेऊन आम्ही कॉलेजात पोचलो. आई बाजारातून तशीच आली होती, बर्फ सांभाळायला दुसरं कोण? जागृती कागद दाखवायला ऑफिसात गेली, मी पाण्याची बाटली आणायला. परत येतो तर आई पेटीचं झाकण लावत होती.

"घाम सुटलेला त्याला, केतन. मीठ मारलाय. आता काय नाय व्हायचा."

मी झाकण ओढलं. "आये, त्यात म्हावरा नाय! मिठानं बरफच इरघलंल!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात नाव पुकारलं आणि जागृती घाईत पेटी उचलून आत गेलीसुद्धा. मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही.

दार अर्धं उघडं होतं. जागृतीने चकती टबातल्या पाण्यावर ठेवली, फुग्यात हवा भरली, पण भेग काही पडेना. चकती ठिकठिकाणी मोडली, तुकडे गरगरत एकमेकांवर आदळले. समोरचे तिघे परीक्षक टबावर वाकले. गेली नोकरी, मला वाटलं. आईने पदराचा बोळा तोंडात धरला.

जागृतीने पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि एकदम आमच्याकडे पाहिलं.

"मला सरळ भेग दाखवायची होती," ती म्हणाली. "पण यात मीठ पडलंय. युरोपावरही काही ठिकाणी अशी मोडतोड दिसते. कवचाचे तुकडे सुटतात, फिरतात आणि तसेच पुन्हा गोठतात. खारट बर्फ लवकर ढिला पडतो, हे त्याचं एक कारण असू शकेल."

"मीठ मुद्दाम घातलंत?"

"नाही सर. आईने घातलं."

कुणी हसलं नाही. तिघे आपसांत बराच वेळ बोलत राहिले, आणि मला एक शब्द ऐकू येईल तर शपथ.

जागृती बाहेर येऊन आईजवळ बसली. आई तिच्याकडे बघेचना.

"माझ्यामुलं गेली ना गं?"

"सोमवारी परत बोलावलाय. सरळ भेग आन् ही मोडतोड, दोनी दाखवायची. नोकरीचा तवाच ठरंल." जागृतीने तिची आवळलेली मूठ सोडवली. तळव्याला खडे अजून चिकटलेले होते. "मीठ तूच मारायचा."

जन्मभर अंदाजाने मीठ मारणाऱ्या माझ्या आईने घाबरून विचारलं, "किती मारू?"